बॅरो ते लाँगइयरब्येन : अंतर आणि मार्ग

वर्गाच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. वर डाव्या टोकाला अलास्कातील बॅरो (आजचे नाव उत्किआग्विक) आहे. मध्यभागी, युरोपच्या डोक्यावर, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे लाँगइयरब्येन आहे. दोहोंमधील हवाई अंतर किती? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक जण सात-आठ हजार किलोमीटर सांगतात.

आता गणित करू. बॅरो ७१.३° उत्तर अक्षांशावर, म्हणजे ध्रुवापासून १८.७° दूर आहे. लाँगइयरब्येन ७८.२° वर, म्हणजे ११.८° दूर आहे. त्यांच्या रेखांशांतील फरक सुमारे १७२° असल्याने ही गावे ध्रुवाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना येतात. म्हणून ध्रुवावरून अंतर ३०.५° भरते. एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी., म्हणून उत्तर सुमारे ३,३८५ कि.मी. बॅरोच्या अक्षांशावरून पूर्वेला जाऊन मग उत्तरेला वळलात, तर सुमारे ६,९०० कि.मी. पडतील. सपाट नकाशा ध्रुवाजवळचा भाग ताणून दाखवतो, त्यामुळे आपली फसगत होते.

हे अंतर प्रत्यक्ष कापणे मात्र सोपे नव्हते. १९२६ मध्ये आमुन्सेन, एल्सवर्थ आणि नोबिले 'नॉर्गे' या हवाई जहाजातून स्वालबार्डहून ध्रुवावरून अलास्कातील टेलर येथे उतरले. त्यांना सुमारे तीन दिवस लागले. १५ एप्रिल १९२८ रोजी ह्युबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयल्सन यांनी बॅरोहून एका इंजिनाच्या लॉकहीड व्हेगा विमानातून उलट दिशेने उड्डाण केले. अज्ञात प्रदेश पाहायचा असल्याने ते ध्रुवावरून न जाता कॅनडा व ग्रीनलंडच्या उत्तरेकडून गेले. चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने होकायंत्रावर विसंबता येत नव्हते, दिशा वारंवार दुरुस्त करावी लागे. सुमारे ३,५०० कि.मी.चे हे उड्डाण २० तास २० मिनिटे चालले. शेवटी वादळामुळे त्यांना एका निर्जन बेटावर उतरावे लागले. पाच दिवसांनी ते ग्रीन हार्बरला पोहोचले. लाँगइयरब्येन याच मोठ्या फ्योर्डच्या दुसऱ्या शाखेच्या काठी आहे.

म्हणजे मार्ग १९२८ मध्येच सापडला होता. तरीही आज या दोन गावांमध्ये थेट प्रवासी विमानसेवा नाही. प्रवाशाला आधी दक्षिणेला अँकरेजला जावे लागते, पुढे अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून ऑस्लो गाठावे लागते आणि मग पुन्हा उत्तरेला वळावे लागते. उत्तरेकडून जाणाऱ्या मार्गांचा लाभ मोठ्या शहरांना झाला. १५ नोव्हेंबर १९५४ रोजी कोपनहेगन–लॉस एंजेलिस ही ग्रीनलंडमार्गे जाणारी नियमित सेवा सुरू झाली. बॅरोचे व्यवहार अँकरेजशी आहेत, लाँगइयरब्येनचे नॉर्वेशी. एकमेकांकडे जाणारे प्रवासीच नाहीत, तर विमान कोण चालवणार?

तेव्हा लक्षात ठेवा : अंतर गोलाच्या भूमितीने ठरते, मार्ग मात्र व्यापार, राज्यकारभार आणि प्रवासीसंख्या ठरवतात.

स्वाध्याय : तुमच्या राज्यातील दोन दुर्गम गावांमधील सरळ अंतर काढा. मग प्रत्यक्ष प्रवासाचे अंतर मोजा आणि फरकाची कारणे लिहा.