आकाशातले मुके प्रवासी

कुत्र्याचे पिल्लू एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचे म्हटले तर आपण फारसा विचार करत नाही. पिशवीत घालावे, तोंड तेवढे बाहेर ठेवावे आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसावे. कंडक्टर कुरकुरला तर कुरकुरला. पिल्लूही कुरकुरते, पण ते कोण मनावर घेतो? विमानातून पिल्लू न्यायचे असेल तर मात्र त्याचे वय किती हवे, पेटी केवढी हवी, याचे लेखी नियम असतात. माणसाने जनावर प्रथम आकाशात नेले त्याला दोनशे वर्षे होत आली, तेव्हा कुठे यांतले काही नियम कायद्यात आले. मधल्या काळात त्या मुक्या प्रवाशांचे काय झाले, आणि त्यांची कुरकुर कोणी ऐकली, ते आज सांगायचे आहे.

आरंभ फ्रान्समध्ये झाला. १९ सप्टेंबर १७८३ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यासमोर माँगोल्फिए बंधूंनी तापलेल्या हवेचा एक प्रचंड फुगा सोडला. खाली टांगलेल्या पिंजऱ्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा होता. निवड विचारपूर्वक केलेली होती. बदक उंच उडतेच, तेव्हा त्याला काही झाले तर दोष उंचीचा नव्हे, फुग्याचा. कोंबडा पक्षी खरा, पण उंच न उडणारा. आणि मेंढीचे शरीर माणसाच्या शरीराला त्यातल्या त्यात जवळचे. सुमारे आठ मिनिटांनी फुगा तीनेक किलोमीटरवर उतरला आणि तिघेही जिवंत निघाले. कोंबड्याच्या पंखाला इजा झालेली दिसली, तेव्हा वरच्या हवेचा हा परिणाम की काय, अशी चर्चा सुरू झाली. शेवटी ठरले की मेंढीने लाथ मारली होती! दोनच महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, माणसे वर गेली.

पुढल्या वर्षी, १५ सप्टेंबर १७८४ रोजी, व्हिन्चेन्झो लुनार्दी नावाचा इटालियन तरुण लंडनहून हायड्रोजनच्या फुग्यातून उडाला. सोबत त्याने एक कुत्रा, एक मांजर आणि एक कबूतर घेतले होते. मांजराला थंडी सोसेना, म्हणून त्याने वाटेत फुगा खाली आणला, मांजर उतरवले आणि पुन्हा वर गेला. हजारो लोक पाहायला लोटले असताना, नाव मिळवायची घाई असताना, त्याने एका मांजरासाठी खोळंबा केला ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

पण आपल्या विषयाचा खरा नायक आहे एक लहानसे काळे कुत्रे. ९ जानेवारी १७९३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातून ते उडाले. फुगा होता झाँ-पिएर ब्लाँशार या फ्रेंच माणसाचा. उड्डाण झाले ते तुरुंगाच्या आवारातून. भिंती उंच, तेव्हा तिकीट घेतल्यावाचून कोणाला दिसू नये, असा हिशोब. पण फुगा ही काय भिंतीआड राहणारी वस्तू आहे? पाच डॉलर देऊन आत बसण्यापेक्षा लोकांनी बाहेर रस्त्यावर उभे राहून फुकट पाहिले आणि ब्लाँशारला खोट बसली. आतल्या प्रेक्षकांत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन होते. ब्लाँशारला इंग्रजी येत नव्हते, म्हणून या माणसाला कोणी अडवू नये, मदत करावी, असे पत्र त्यांनी त्याच्या हाती दिले.

हे काळे कुत्रे ब्लाँशारचे नव्हते. एका मित्राने ते त्याच्या हवाली केले होते. शहरातल्या डॉक्टरांनीही त्याच्यावर कामे सोपवली होती. वरची हवा बाटल्यांत भरून आणायची, स्वतःची नाडी मोजायची. नाडी जमिनीवर मिनिटाला ८४ होती, ती वर ९२ भरली. ही कामे चालू असताना कुत्र्याकडेही त्याचे लक्ष गेले, आणि आपल्या वृत्तांतात त्याने ते लिहून ठेवले. कुत्रे आजारल्यासारखे दिसत होते. त्याने पाळण्याबाहेर पडण्याचा पुन्हापुन्हा प्रयत्न केला. पण खाली पाय ठेवायला जागाच नाही असे पाहून ते मुकाट्याने त्याच्या शेजारी येऊन बसले.

कुत्रे आजारी का पडले असेल? ब्लाँशारने आपली उंची ५,८१२ फूट नोंदवली आहे. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी चारशे फूट वर. शिखरावर गावची कुत्री माणसांमागून शेपटी हलवत जातात, त्यांना काही होत नाही. तेव्हा हवा विरळ झाली म्हणून ते आजारले असे मला वाटत नाही. जानेवारीची थंडी, हलता पाळणा, काही मिनिटांत गाठलेली उंची, आणि पायाखालची जमीन नाहीशी झालेली. माणसाला ठाऊक असते की आपण कोठे चाललो आहोत आणि उतरणार आहोत. कुत्र्याला ते कोण सांगणार?

आणखी एक गंमत पाहा. आजच्या प्रवासी विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा राखलेला असतो. म्हणजे आज आसनाखाली पेटीत बसलेले पिल्लू जवळजवळ त्या काळ्या कुत्र्याइतक्याच विरळ हवेत श्वास घेते. त्याचे दुःख विरळ हवेपेक्षा उकाड्याचे, आवाजाचे आणि अनोळखीपणाचे अधिक.

शेहेचाळीस मिनिटांनी ब्लाँशार पलीकडच्या न्यू जर्सीत एका शेतात उतरला. शेतकरी घाबरला. ब्लाँशारने त्याला मद्याची बाटली दाखवली, नंतर वॉशिंग्टनचे पत्र दाखवले. त्या नावाने काम झाले.

मात्र ब्लाँशारला प्राणिमित्र ठरवण्याची घाई करू नये. याच गृहस्थाने १७८५ पासून युरोपात फुग्यातून हवाई छत्री बांधून कुत्री खाली सोडण्याचे प्रयोग करून दाखवले होते. छत्री माणसाला पेलेल का, हा प्रश्न त्याचा. उत्तर मात्र कुत्र्याने द्यायचे.

हीच रीत पुढे रशियाने फार मोठ्या प्रमाणावर चालवली. मॉस्कोच्या रस्त्यांवरची भटकी कुत्री निवडली, कारण थंडी आणि उपासमार त्यांच्या अंगवळणी पडलेली. २२ जुलै १९५१ रोजी देझिक आणि त्सिगान ही दोन कुत्री अग्निबाणातून सुमारे शंभर किलोमीटर उंच जाऊन सुखरूप परतली. देझिकला आठवड्याच्या आत पुन्हा पाठवले. या खेपेस छत्री उघडली नाही. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी लायका गेली. तिला परत आणण्याची सोयच केलेली नव्हती. उड्डाणापूर्वी व्लादिमीर याझ्दोव्स्की या डॉक्टरांनी तिला एकदा घरी नेऊन आपल्या मुलांबरोबर खेळू दिले. ती बरेच दिवस जगली असे जगाला सांगण्यात आले. यान तापल्याने ती काही तासांतच मेली, हे २००२ साली उघड झाले. पंचेचाळीस वर्षे ही गोष्ट झाकून राहिली, कारण सांगणारे सगळे माणसेच होती.

१९ ऑगस्ट १९६० रोजी बेल्का आणि स्ट्रेल्का गेल्या आणि दुसऱ्या दिवशी जिवंत परत आल्या. चौथ्या फेरीत बेल्का अस्वस्थ होऊन धडपडू लागली, तिला उलटी झाली. येथे मात्र कुत्र्याची तक्रार ऐकली गेली. पहिल्या माणसाने पृथ्वीभोवती एकच फेरी घालावी, असा सल्ला याझ्दोव्स्कींनी दिला, आणि १२ एप्रिल १९६१ रोजी गागारीनने एकच फेरी घातली. ब्लाँशारच्या कुत्र्याचे आजारपण वृत्तांतातली एक ओळ होऊन राहिले. बेल्काच्या आजारपणाने माणसाच्या उड्डाणाचा बेत ठरवला.

स्ट्रेल्काला पुढे सहा पिल्ले झाली. जून १९६१ मध्ये व्हिएन्ना येथे भोजनाच्या वेळी केनेडींच्या पत्नी जॅकलिन ख्रुश्चॉव्ह यांच्या शेजारी बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी या कुत्र्यांचा विषय काढला आणि एखादे पिल्लू आम्हांला पाठवा की, असे गमतीने म्हटले. ख्रुश्चॉव्हनी ते खरेच पाठवले. पांढरे, लव असलेले, नाव पुशिंका. ते विमानाने वॉशिंग्टनला पोचले. अंगात कोठे चोरून ऐकण्याचे यंत्र बसवले आहे की काय, म्हणून प्रथम त्याची लष्करी रुग्णालयात तपासणी झाली! त्या पिल्लाची काय समजूत झाली असेल देव जाणे. केनेडींनी आभाराच्या पत्रात लिहिले की पिल्लाचा प्रवास त्याच्या आईइतका थरारक नव्हता, पण लांबचा होता आणि त्याने तो चांगला सोसला. दोन महासत्ता एकमेकींवर बॉम्ब रोखून बसलेल्या असताना, एका पिल्लाला प्रवास कसा झाला याची पत्रातून दखल घेतली गेली. पुशिंकाला १९६३ साली चार पिल्ले झाली. ती आम्हांला द्या, अशी हजारो मुलांची पत्रे आली आणि त्यांतली दोन मुलांना दिलीही.

राष्ट्राध्यक्षांच्या घरच्या पिल्लाची विचारपूस होणारच. मालाच्या कोठीत चढवल्या जाणाऱ्या सामान्य पिल्लांसाठी अमेरिकेला कायदा करावा लागला. १९६६ च्या प्राणिकल्याण कायद्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन विमान कंपन्या त्याच्या कक्षेत आल्या. पिल्लू आठ आठवड्यांचे झालेले आणि आईचे दूध सुटलेले हवे. पेटीत त्याला उभे राहता, वळता आणि नीट पडता आले पाहिजे. त्याला शांत झोपवण्यासाठी औषध देऊ नये, असे पशुवैद्य सहसा सांगतात, कारण गुंगीत श्वास मंदावतो आणि तोल सावरता येत नाही. बसक्या नाकाच्या जातींना, पग किंवा बुलडॉग यांना, तर फारच जपावे लागते. उकाड्यात त्यांना श्वास पुरत नाही. आणि उकाडा आकाशात नव्हे, धावपट्टीवर विमान थांबलेले असताना बाधतो.

पेटीला पिल्लाच्या अन्नपाण्याची सूचना लावलेली असावी लागते. वरची बाजू कोणती ते बाणाने दाखवायचे असते. आणि आत जिवंत प्राणी आहे, हे शब्द निदान एक इंच उंचीच्या अक्षरांत लिहायचे असतात, म्हणजे पेटी उचलणाऱ्या हमालाला ते लांबूनच वाचता येतात.