तांदळातलं नाव आणि कागदावरचं नाव



गटाच्या बैठकीत हजेरी घेताना आपण कशी हाक मारतो? "शिंदेवहिनी आल्या का? गणेशची आई कुठंय? वरच्या आळीच्या काकू दिसत नाहीत आज." नाव कुणी घेत नाही, तरी सगळ्यांना माणूस कळतं. पण हीच हजेरी बँकेच्या खिडकीत घ्यायची झाली तर? तिथं गणेशची आई चालत नाही. आधारावरचं नाव, पासबुकावरचं नाव आणि सही तिन्ही जुळावं लागतं.

आज मी तुम्हाला अशाच एका हजेरीची गोष्ट सांगणार आहे. ती होती साऱ्या देशाची हजेरी.

स्वातंत्र्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर 1951 ते फेब्रुवारी 1952 या काळात झाली. इंग्रजांच्या राज्यात मत द्यायला शिक्षणाची, मालमत्तेची अट असायची. ती अट गेली. 21 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत मिळालं, मग ती बाई असो की पुरुष, शिकलेली असो की अंगठेबहाद्दर. त्यासाठी गावोगाव, घरोघर फिरून मतदारांची यादी केली गेली. यादीत 17 कोटींच्या वर नावं भरली. त्यात बायका होत्या साधारण 8 कोटी.

आता डोळ्यांसमोर आणा. दारात परका पुरुष वही घेऊन उभा आहे. तो विचारतो, "बाई, तुमचं नाव?" पदर पुढं ओढून उत्तर येतं, "अमक्याची आई" किंवा "तमक्याची बायको." परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायचं नाही, अशी रीत होती. लिहिणाऱ्यानंही तसंच लिहून घेतलं. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश अशा भागांत हे फार घडलं.

मुख्य निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन. बाईचं नाव तिच्या स्वतःच्या नावानंच लागलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. पुन्हा विचारून नावं दुरुस्त करा, असं सांगितलं गेलं. तरीही ज्यांची नावं कळली नाहीत, त्यांच्या नोंदी काढून टाकल्या. अशा जवळजवळ 28 लाख बाया पहिल्या निवडणुकीच्या यादीतून गेल्या. त्यावर ओरड झाली. सेन यांना मात्र ती ओरड बरीच वाटली. त्यामुळं पुढच्या निवडणुकीपर्यंत ही रीत सुटायला मदत होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

28 लाख बायांना हक्क मिळाला होता, आणि नाव सांगितलं नाही म्हणून तो हातून गेला. हे मला फार बोचतं. मत तिचं होतं, "अमक्याच्या आई"चं नव्हतं. आणि मत देताना समोरची बाई तीच हे ओळखायचं कशावरून? नावावरूनच ना?

तुम्ही म्हणाल, हे तिकडचं झालं. आपल्याकडं काय होतं? आपल्याकडं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत होतीच. म्हणून तर उखाणे आले. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला आपण किती हौसेनं नाव घेतो! पण त्या उखाण्यात नाव येतं ते नवऱ्याचं. आपलं स्वतःचं नाव त्यात कुठंच नसतं.

आणि आपली दुसरी रीत म्हणजे लग्नात बाईचं नाव बदलायची. नवी नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव कोरायचं आणि मग साखर वाटायची. आडनाव तर बदललंच, पण आईबापांनी बारशाला ठेवलेलं नावही गेलं.

आपल्या इतिहासातली मोठी नावं बघा. परदेशात जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. 1865 चा जन्म, नवव्या वर्षी लग्न झालं आणि त्या आनंदी झाल्या. 1886 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कॉलेजानं त्यांना डॉक्टरची पदवी दिली. सेवासदनाच्या रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची लेक. 1873 साली न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं आणि त्या रमाबाई झाल्या. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे या मूळच्या गोदावरी. बालपणीच विधवा झाल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकल्या. 1893 साली कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि गोदावरीची आनंदीबाई झाली.

दोन यमुना आणि एक गोदावरी, तिघींची नावं बदलली. त्यामुळं त्यांचं कुठं काम अडलं का? तसं काही ऐकिवात नाही. का नाही अडलं? कारण लग्नाच्या दिवशी त्यांच्या नावावर एकही कागद नव्हता. जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं खातं, सातबाऱ्यावर नाव, यातलं काहीच नाही. तांदळात नवं नाव आलं आणि जुनं नाव माहेरच्यांच्या तोंडी राहिलं. कागदच नव्हता, तर जुळायचं काय?

आता आपली लेक बघा. वीस वर्षांची होऊन लग्नाला उभी राहते, तेव्हा तिच्याजवळ जन्मदाखला असतो. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक असतं. या सगळ्यांवर एकच नाव आहे. अशा वेळी तांदळात नवं नाव कोरलं, तर ते नाव तांदळात राहत नाही. ते रेशनकार्डावर जातं, दवाखान्याच्या केसपेपरवर जातं, बाळाच्या जन्मदाखल्यात आईचं नाव म्हणून जातं. दहा वर्षांनी एका बाईच्या कागदांवर तीन बाया दिसायला लागतात. रीत जुनीच आहे, पण तिची किंमत आता वाढली आहे. आणि ती किंमत बाईलाच भरावी लागते.

हे सगळ्यात जास्त कळतं ते जमिनीच्या वेळी. महाराष्ट्रानं 1994 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. 2005 साली साऱ्या देशासाठी तशी दुरुस्ती झाली. कायदा आला, पण हक्क मागायला जाणारी बाई माहेरी सुमन आणि सासरी वैशाली असेल, तर पहिला प्रश्न हाच येतो की या दोघी एकच कशावरून? नवरा गेल्यावर वारस नोंद करताना, निराधार योजनेचा अर्ज भरताना तोच प्रश्न पुन्हा येतो. घरात दुःख असतं आणि बाई "मी मीच आहे" असं लिहून द्यायला तहसीलच्या पायऱ्या चढत असते.

मग कायदा काय म्हणतो? नीट ऐका. लग्न झालं म्हणून बाईनं नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे, असा आपल्या देशात कायदा नाही. ही फक्त रीत आहे. माहेरचं नाव ठेवलं तरी लग्न तेवढंच पक्कं असतं. सासरचं लावावंसं वाटलं तर तेही चालतं. पण ते मनानं आणि विचार करून ठरवा. घरच्यांनी ताटाभोवती टाळ्या वाजवल्या म्हणून नको.

नाव बदलायचं ठरलं, तर दोन जुने रस्ते आहेत. पहिला म्हणजे लग्नाची नोंद. सर्वोच्च न्यायालयानं 2006 सालीच सांगितलं की प्रत्येक लग्नाची नोंद झाली पाहिजे. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. त्या दाखल्यावर दोघांची नावं असतात. लग्नाआधीची बाई आणि लग्नानंतरची बाई एकच, हे जोडून दाखवणारा तो कागद आहे. लग्नपत्रिका आणि फोटो त्याची जागा घेऊ शकत नाहीत. लग्नाच्या खर्चात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी वस्तू हीच, असं मी म्हणेन.

दुसरा रस्ता राजपत्राचा, म्हणजे गॅझेटचा. जुन्या काळी गावात काही जाहीर करायचं असलं की दवंडी पिटायचे. राजपत्र म्हणजे सरकारनं छापलेली दवंडीच. "अमुक नावाची मी, आजपासून तमुक नावानं ओळखली जाईन," अशी ती जाहिरात असते. आपल्या राज्यात शासकीय मुद्रणाचं संचालनालय ती छापतं आणि आता अर्ज ऑनलाईन भरता येतो. जुन्या नावाचा पुरावा आणि बदलाचं कारण द्यावं लागतं. मात्र राजपत्रात छापून आलं म्हणून बाकीचे कागद आपोआप बदलत नाहीत. दवंडी पिटली, तरी प्रत्येक घरी जाऊन आपणच सांगायचं. आधार, बँक, पॅन, रेशनकार्ड, मतदार यादी, सगळीकडं अर्ज आपणच करायचा. राजपत्राची प्रत जन्मभर जपून ठेवायची.

एक गोष्ट गाठीला बांधा. आधारवरचं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर घाईनं एकदा बदललं आणि त्यातच स्पेलिंग चुकलं, तर दुसरी संधी त्या चुकीतच जाते. म्हणून आधी नाव ठरवा, मराठीत आणि इंग्रजीत कागदावर लिहून काढा, आणि मगच केंद्रात जा. पावती हातात आली की अक्षर न् अक्षर वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या.

नाव बदलणं कधी कधी न्यायाचंही असतं. आपल्याच सातारा जिल्ह्यातली गोष्ट आहे. मुलीवर मुलगी झाली की तिचं नाव ठेवायचं नकोशी किंवा नकुसा. त्या नावानंच ती शाळेत जायची, हजेरीला रोज "नकोशी" म्हणून हाक यायची आणि तिनं "हजर" म्हणायचं. ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात कार्यक्रम झाला आणि अशा 285 मुलींना नवी नावं मिळाली. त्यांच्या हातात नव्या नावाचं प्रमाणपत्र देण्यात आलं. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं मुली होत्या फक्त 894. दहा वर्षांपूर्वी त्या 913 होत्या. म्हणजे ज्या जन्माला आल्या त्यांचं नाव नकोशी, आणि कितीतरी तर जन्मालाच आल्या नाहीत.

त्या मुलींच्या बाबतीतही कार्यक्रम एका दिवसाचा होता, कागदाचं काम त्यानंतरचं. जन्माच्या नोंदवहीतली मूळ नोंद खोडत नाहीत. दुरुस्ती करायची ती समासात, सही आणि तारीख घालून करतात. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तसंच आहे. बाळाची नोंद नावाशिवाय झाली असेल, तर वर्षाच्या आत नाव फुकट भरता येतं आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळेत घालण्यापासून पुढं सगळीकडं जन्मदाखलाच लागणार आहे. म्हणून बारसं झालं की त्याच आठवड्यात नोंद बघून यायची. आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव बदलायचं असेल, तर मुलगी शाळेत असतानाच बदलून घ्यायचं. दाखला हातात पडल्यावर ते फार अवघड जातं.

आता एक नवी गोष्ट सांगते. 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असं लिहायचं आपल्या राज्यानं ठरवलं. 1951 साली "अमक्याची आई" म्हणून जिची नोंद निघून गेली, तीच आई आता लेकराच्या नावात स्वतःच्या नावानं बसते. पण मैत्रिणींनो, इथं आईचं कुठलं नाव लिहिणार? आधारवरचं, रेशनकार्डावरचं, की घरात हाक मारतात ते? आपलं नाव एक नसेल, तर आपल्या कागदातला घोळ लेकराच्या कागदात उतरेल.

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं आपले सगळे कागद घेऊन यायचे. सतरंजीवर मांडायचे आणि शेजारणीनं मोठ्यानं वाचायचे. कुठं काना कमी आहे, कुठं नवऱ्याचं नाव चुकलंय, कुठं माहेरचं आहे, ते वहीत टिपायचं. नवरा, दीर, मुलगा कामात आहेत म्हणून थांबू नका. आणि त्या दिवशीची हजेरी जरा वेगळी घ्या. शिंदेवहिनी नको, गणेशची आई नको. प्रत्येकीनं उभं राहून स्वतःचं पूर्ण नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आणि मग म्हणायचं, "हजर."

त्या 28 लाख जणींना ते सांगता आलं नव्हतं. आपल्याला सांगता येतंय.