आपल्या तालुक्याचा इतिहास कोणत्या पुस्तकात आहे?

मित्रांनो, कर्जत-खालापूरच्या आपल्या घरांत बाबासाहेबांचे चरित्र आणि भाषणे असतात. ती वाचलीच पाहिजेत. पण तेवढ्यावर थांबायचे का?

कर्जतची जुनी माहिती १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये सापडते, कारण तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. त्यात जातींची वर्णने आहेत, पण ती सरकारी नजरेतून केलेली. महार, कातकरी, ठाकूर तिथे मोजले जातात, बोलत नाहीत.

हे मौन आत्मकथनांनी फोडले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले. त्या भेटल्या नसत्या, तर किती साक्षी कायमच्या बुडाल्या असत्या!

म्हणून गॅझेटियर वाचा, पण प्रश्न विचारत. आत्मकथने वाचा. आणि मौखिक इतिहास नुसता वाचू नका, लिहा. १९२७ चा महाडचा सत्याग्रह याच जिल्ह्यात झाला. त्याच्या आठवणी आईबापांकडून ऐकलेली माणसे आज थकली आहेत. या रविवारी वही घेऊन आपल्या आजीजवळ बसा. आपण लिहिले नाही, तर पुन्हा दुसराच कोणी आपली वर्णने लिहील.

जय भीम!