काडतुसाची पुंगळी पुन्हा भरणे : रायफल म्हणजे ठासणीची बंदूक नव्हे

यवतमाळ : जिल्ह्यात शेत आणि जंगल यांची हद्द अनेक गावांत एकच आहे. टिपेश्वर व पैनगंगा अभयारण्यांच्या भोवतालच्या कापूस, तूर, सोयाबीनच्या शेतांत रानडुकरे आणि रोही यांचा उपद्रव नित्याचा आहे. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणाच्या परवान्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. (प्रत्यक्ष प्राणी मारण्यासाठी मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 11 नुसार वेगळी परवानगी लागते.) या बंदुकीत प्रत्येक वेळी दारू मोजून घालण्याचे काम वापरणाराच करतो. हाच अंदाज रायफलीच्या रिकाम्या पुंगळीला लावणे जिवावर बेतू शकते. त्यामागील कारणे पुढीलप्रमाणे.

दारूतील फरक

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरतात. ती कोळसा, गंधक आणि सोरा यांपासून तयार होते. रायफलीच्या काडतुसात नायट्रोसेल्युलोजपासून बनविलेली धूरविरहित दारू असते. तेवढ्याच वजनाची ही दारू कितीतरी अधिक जोर निर्माण करते. मोटारीच्या चाकात हवेचा दाब प्रति चौरस इंच सुमारे 30 ते 35 पौंड असतो. आधुनिक रायफलीत गोळी सुटताना हा दाब 50 ते 60 हजार पौंडांपर्यंत जातो. धूरविरहित दारू ठासणीच्या बंदुकीत भरल्यास नळी फुटण्याचा धोका असतो, तो यामुळेच.

पुंगळीचे काम

पुंगळी साधारणतः 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. गोळी सुटताना ती फुगून रायफलीच्या कोठीला घट्ट चिकटते आणि तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, येऊ देत नाही. नंतर ती किंचित आकसते. पण मूळ मापावर परत येत नाही. ती ज्या रायफलीतून उडाली, तिच्याच कोठीचे माप घेते. म्हणूनच पुंगळी पुन्हा वापरण्यापूर्वी पोलादी साच्यात दाबून मापात आणावी लागते. या क्रियेला 'साइझिंग' म्हणतात.

साइझिंग कमी झाले तर काडतूस कोठीत बसत नाही. जास्त झाले तर धोका दिसत नाही, पण वाढतो. भारतात परवानाधारकांकडे आढळणारी .315 बोअरची रायफल पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने ली-एनफील्ड या लष्करी रायफलीच्या धर्तीवर बनविली. तिचे काडतूस बुडाच्या कडेवर टेकते, तर बोल्टची पकड मागील बाजूस असते. त्यामुळे दाबाखाली पितळ ताणले जाते. पुंगळीचा खांदा साच्यात प्रमाणापेक्षा मागे ढकलला गेला, तर प्रत्येक वेळी ती कडेच्या थोडी पुढे पातळ होत जाते आणि अखेर तेथेच तुटते. तेथे बाहेरून दिसणारे चकचकीत वलय ही धोक्याची खूण होय.

वारंवार ताणल्याने पितळ कडक होऊन पुंगळीचे तोंड चिरते. पुंगळीची लांबीही वाढते. वाढलेले तोंड छाटले नाही, तर ते कोठीच्या पुढील भागात अडकून गोळीला आवळते आणि दाब एकाएकी चढतो.

दारूचे प्रमाण

दारूचे वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम. पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी यांपैकी एक घटक बदलला तरी पूर्वीचे प्रमाण सुरक्षित राहत नाही. जाड भिंतीच्या पुंगळीत आत जागा कमी असल्याने तेवढ्याच दारूने दाब अधिक होतो. परदेशांत परवानगीने पुनर्भरण करणारे नेमबाज दाबयंत्रावर तपासलेले प्रसिद्ध तक्ते वापरतात आणि कमाल मर्यादेच्या बऱ्याच खालून सुरुवात करतात. अमेरिकेत 1926 मध्ये स्थापन झालेली 'सामी' आणि युरोपातील 1914 ची 'सी.आय.पी.' या संस्था दाबाच्या मर्यादा ठरवितात.

चपटी झालेली टोपी आणि जड उघडणारा बोल्ट ही जादा दाबाची लक्षणे आहेत. परंतु ती दिसली नाहीत म्हणजे काडतूस सुरक्षित, असा अर्थ होत नाही. दारू फार कमी पडल्यास गोळी नळीतच अडकते आणि पुढचा बार नळी फोडतो. अनेक प्रकारच्या दारूचा दाब उष्णतेने वाढतो. विदर्भात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. अशा वेळी उन्हात उभ्या जीपमध्ये काडतुसे ठेवणे घातक ठरते.

कायदा काय म्हणतो

शस्त्र कायद्यातील 'दारूगोळा' या संज्ञेत काडतुसाचे भाग आणि ते बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

महाराष्ट्रात काडतुसे खडकी (स्थापना 1869) आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील कारखान्यांत तयार होतात. 1 ऑक्टोबर 2021 पासून हे कारखाने 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड'कडे आहेत.

परवानाधारकांसाठी

* काडतुसाच्या बुडावरील आणि नळीवरील बोअर जुळल्याशिवाय काडतूस भरू नये.
* चिरलेली, गंजलेली, पोचे आलेली वा कोणी हाताने भरलेली काडतुसे वापरू नयेत. ती पोलिस ठाण्याला कळवून जमा करावीत.
* बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे.
* आवाज नेहमीपेक्षा हलका आला, तर रायफल रिकामी करून नळी आरपार मोकळी असल्याची खात्री करावी. तोपर्यंत दुसरे काडतूस भरू नये.