ठिणगीचा इतिहास आणि प्लग पान्याची शिस्त

१/ मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे बॉनेट उघडले की चार सिलिंडरांचे चार स्पार्क प्लग दिसत. ते काढण्या-बसवण्याचे नियम गॅरेजात तोंडी शिकवले जात: इंजिन गार होऊ द्यावे, वायर ओढू नये, पहिले आटे हातानेच लावावेत. या साध्या नियमांमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. 🧵

२/ बंद सिलिंडरात आग कशी लावावी? १८६० मध्ये पॅरिसच्या एतियेन लेन्वारने आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. १८८० च्या दशकात गॉटलिब डाइमलरने वेगळी वाट धरली: ज्योतीने लाल तापवलेली नळी. परंतु पेट्रोलशेजारी उघडी ज्योत म्हणजे संकटाला आमंत्रणच. शिवाय पेट घेण्याची वेळ नेमकी साधत नसे.

३/ १९०२ मध्ये श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला. हजारो व्होल्टची वीज दोन टोकांमधील फट ओलांडू लागली. म्हणून पहिला नियम: इंजिन बंद, किल्ली बाहेर. वायर टोपीला धरून काढावी आणि एका वेळी एकच प्लग हाताळावा. वायरींची अदलाबदल झाली तर ठिणगी चुकीच्या सिलिंडरात पडते.

४/ एवढी वीज धातूच्या कवचापासून अलग ठेवण्याचे काम चिनी मातीचे. ती उष्णतेने तडकत असे. १९३० च्या दशकात जर्मनीत सीमेन्सने भाजलेल्या ॲल्युमिनाचा उपाय शोधला. तरीही हे कवच ठिसूळच. म्हणून प्लग पाना सरळ धरावा; तो कलला तर केसाएवढी भेग पडते आणि वीज तिथूनच निसटते.

५/ पुढे बिडाच्या सिलिंडर हेडची जागा अनेक इंजिनांत हलक्या ॲल्युमिनियमने घेतली. मऊ ॲल्युमिनियमच्या आट्यांत पोलादी प्लग! गरम इंजिनात जोर लावला तर आटे जातात आणि दुरुस्ती महागात पडते. म्हणून इंजिन गार हवे. प्लग सैल करण्यापूर्वी भोवतालची धूळ झटकावी, अन्यथा ती थेट सिलिंडरात उतरते.

६/ आता पुन्हा मुंबईकडे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाटच्या सहकार्याने मोटारी बाहेर पडल्या. त्यांतलीच एक १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने मायको कंपनी उभी राहिली आणि तिच्या बंगळुरूच्या कारखान्यात स्पार्क प्लग बनू लागले. श्टुटगार्टची ठिणगी भारतीय झाली.

७/ बसवताना क्रम उलटा, पण घाई नाही. फीलर गेजने फट तपासावी. नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत असतो, जुन्या मोटारींत तो बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटर असे. प्लग हाताने फिरवत न्यावा. अडला तर उलटा फिरवून पुन्हा लावावा. पूर्ण टेकल्यावर नव्या वॉशरचा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा आवळावा. सैल प्लगमधून वायू गळतो, अति आवळलेला आटे खातो.

८/ काढलेला प्लग म्हणजे इंजिनाचे बखरपत्रच. फिकट तपकिरी टोक म्हणजे सर्व ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक. पांढरे फटक म्हणजे अति उष्णता. तेलकट ओल म्हणजे तेल सिलिंडरात शिरत आहे. चारही प्लग क्रमाने मांडून ठेवणारा कारागीर कोणता सिलिंडर आजारी आहे हे लगेच ओळखी.

९/ ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. विजेवर चालणाऱ्या टॅक्सीला स्पार्क प्लगच नसतो. मात्र पेट्रोलच्या कोट्यवधी दुचाकी अजून त्याच ठिणगीवर धावतात. त्यांपैकी एखादीचा प्लग हाताने अलगद फिरवताना लेन्वार, होनोल्ड आणि कुर्ल्याचे अनाम कारागीर यांचे संचित ज्ञानच बोटांत उतरलेले असते. ते जपायचे तर नियमामागील कारणही सांगितले पाहिजे.