सदाफुलीचा पाला आणि डोळ्याची नस

भालकी, औराद, बसवकल्याणकडं सदाफुली कुणी मुद्दाम लावत नाही. जांभ्याच्या भेगेतही ती रुजते. तिचं मूळ मादागास्करचं, पण आधुनिक औषध म्हणून तिची कहाणी सुरू होते जमैकात. तिथं मधुमेहावर पानांचा काढा घेत. आपल्याकडंही अनेक जण साखरेवर ही पानं-फुलं खातात.

१९५२ साली जमैकातून ही पानं कॅनडात क्लार्क नोबल यांच्याकडं आली. त्यांनी ती भावाला, रॉबर्ट नोबल यांना दिली. अर्क पाजला तर उंदरांची साखर हलेना. टोचला तर उंदीर जंतुसंसर्गानं मेले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार घटल्या होत्या. रॉबर्ट नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी साखर बाजूला ठेवून याच घटीचा माग काढला आणि १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टीन हे कर्करोगावरचं औषध जाहीर केलं. पुढं एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा यांच्या चमूला त्याच पाल्यात व्हिन्क्रिस्टीन सापडलं. १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली.

हेच व्हिन्क्रिस्टीन आज एनएफ-१ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १) हा आजार असलेल्या मुलांच्या डोळ्याच्या नसेवरील गाठीसाठी वापरतात. या आजारात सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड होतो आणि पेशींच्या वाढीवरचा लगाम सुटतो. अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग, ही पहिली खूण. घरात त्यांना लास म्हणून सोडून देतात. अशा मुलांपैकी १५ ते २० टक्क्यांना ही गाठ होते, बहुधा सात वर्षांच्या आत. पुष्कळ गाठी नुसत्या नजरेखाली ठेवल्या तरी चालतं. दृष्टी ढासळू लागली की मात्र उपचार लागतो. या मुलांत रेडिएशननं पुढं दुसरी गाठ किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होण्याचा धोका वाढतो. म्हणून १९९० च्या दशकात डॉ. रॉजर पॅकर यांनी रुळवलेली कार्बोप्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टीन या औषधांची जोडी मोलाची ठरली.

व्हिन्क्रिस्टीन फक्त शिरेतून देतात. चुकून मणक्यात गेलं तर जीव जातो. पायांच्या नसांवरही त्याचा परिणाम होतो, म्हणून डॉक्टर मुलाला टाचांवर चालायला लावून पाहतात. घरच्या काढ्यात औषधाचं नेमकं माप कुठून येणार? कृपा करून मुलाला पाला उकळून पाजू नका.

गेलेली नजर सहसा परतत नाही, आणि लहान मूल दिसत नाही म्हणून सांगत नाही. टीव्हीजवळ सरकतं एवढंच. असे डाग असलेल्या मुलाला निदान आठ वर्षांचं होईपर्यंत दरवर्षी डोळ्याच्या डॉक्टरांकडं न्या. बीदरला, कलबुर्गीला किंवा हैदराबादला, जिथं बाहुली मोठी करून नस तपासतात तिथं.