आठ झाली, चार राहिली

आमच्या आजीला कुणी विचारलं, लेकरं किती, की ती म्हणायची, "आठ झाली, चार राहिली." तिच्या थोरल्या जावेची सात झाली, दोन राहिली. जामखेड तालुक्यातल्या त्या पिढीच्या बायका लेकरांचा हिशेब असाच दोन आकड्यांत सांगत. पुढे कधीतरी वाचनात आलं की १९७१च्या सुमारास या भागात जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आतच दगावत होती. त्या आकड्यात मला न पाहिलेले माझे काका आणि आत्या दिसल्या.

गेलेल्यांतल्या दोघांची गोष्ट एकच होती. बाळ आठवडाभर चांगलं प्यायचं. मग एका सकाळी तोंडच उघडेना, अंग ताठ होऊन मागं वळायचं. सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं, असं म्हणून माणसं उठायची. नाळ विळ्यानं कापलेली आणि वर गोवरीची राख दाबलेली. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, गरोदरपणी आईला लस टोचली की बाळही वाचतं, हे आजीला कळलं तोवर तिची बाळंतपणं संपत आली होती.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दोघं वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून परतलेले. त्यांचं काम सुरू झालं ते गुरांच्या जुन्या दवाखान्यात. आमचे चुलत आजोबा बापू ही गोष्ट रंगवून सांगत: जिथं त्यांनी बैल तपासून घेतला होता, तिथंच पुढं त्यांची नाडी तपासली गेली. पण दवाखाना उघडल्यानं काही दवाखाना जवळ येत नाही. आमच्या गावाहून जामखेड म्हणजे बैलगाडीनं दिवस मोडायचा. दिवस मोडला की रोजगार बुडायचा, आणि लेकरू हगवणीनं चाललंय एवढ्यासाठी गाडी जुंपा, असं घरातल्या पुरुषांना म्हणायची सुनेची प्राज्ञा नव्हती.

मग १९७२चा दुष्काळ आला. खडी फोडायची, मिलो ज्वारीची भाकरी खायची आणि पाण्याच्या टँकरची वाट बघायची. आरोळ्यांना तेव्हा उमगलं की लोकांना गोळीआधी पाणी हवंय. बोअर घेताना त्यांनी जागा शक्यतो दलित वस्तीत पाहिली. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथं जायचं. बापू कबूल करायचे की पहिले काही दिवस हंडा घेऊन तिकडं जाताना घरच्यांची पावलं जड व्हायची, मग तहानेनं ती हलकी केली.

गावोगाव नर्स ठेवायचा प्रयोगही झाला, पण टिकला नाही. शहरातून आलेली तरुण मुलगी परक्या गावात एकटी राहणार कशी, आणि चार लेकरांच्या आया तिचं ऐकणार कशाला? म्हणून गावातलीच बाई निवडायची ठरलं. निवडल्या गेलेल्यांपैकी बऱ्याच जणी दलित, बऱ्याच जणींना अक्षरओळख नाही. दर आठवड्याला त्या जामखेडला जायच्या, एकत्र राहायच्या, एका पंगतीत जेवायच्या आणि नवा धडा घेऊन गावी परतायच्या. मला या सगळ्या कामातली सर्वांत धाडसाची गोष्ट हीच वाटते. डॉक्टरकीतलं जे सांगता येईल ते सगळं, जिला गाव उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं तिच्या हाती सोपवलं.

आमच्या गावची ती बाई खालच्या वस्तीतली. धाकटा काका वर्षाचा असताना त्याला हगवण लागली. टाळू खोल गेलेली, डोळे आत ओढलेले. सासूनं पाणी तोडलं होतं, पाण्यानं जुलाब वाढतात म्हणून. ती बाई आपणहून आली आणि अंगणातच उभी राहिली. आत येते म्हणाली नाही, कशाला हातही लावला नाही. "वैनी, तुमचाच तांब्या घ्या, तुमच्याच हातानं करा." उकळून गार केलेलं पाणी, रेशनची साखर, चिमटीनं मीठ. "आधी तुम्ही चाखा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्या." मग चमच्यानं, थांबून थांबून. ओकला तर जरा दम खा, पुन्हा पाजा. दिवस मावळेस्तोवर ती तिथंच बसून होती. संध्याकाळी पोरगं मुतलं, तेव्हा आजीला रडू फुटलं. पुढच्या खेपेला आजीनं तिला चुलीपाशी बसवलं. सासू दोन दिवस जेवली नाही, आजीनं ते चालवून घेतलं.

१९७१मध्ये बंगालच्या सीमेवर, बनगावच्या निर्वासित छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पिंपांत कालवून कॉलऱ्याच्या रोग्यांना पाजलं होतं. सलाइन संपलेलं, आणि पाजायला आईबाप, भाऊबहीण. तिथला मृत्युदर तिसेक टक्क्यांवरून चारच्या खाली आला. बनगावला छावणीत जे झालं ते आमच्याकडं अंगणात झालं.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८मध्ये आल्मा-आटाला जगभरच्या सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा ठराव केला. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं २००५पासून देशभर 'आशा' स्वयंसेविका नेमल्या गेल्या, त्याही गावातल्याच बायका.

आज आमच्या गावची आशा त्याच बाईची नातसून आहे. करोनात तिनं घरोघर जाऊन ताप मोजला, ऑक्सिजन पाहिला. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला, आणि २०२४च्या सुरुवातीला राज्यातल्या आशांना मानधनवाढीच्या आदेशासाठी आझाद मैदानात ठाण मांडावं लागलं. मला याचा संताप येतो. अजूनही तिला पगार नाही, मानधन आहे, आणि त्यातलंही काही कामामागं मोजून. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला वस्तीवरच्या एका बाळंतिणीसोबत ती दवाखान्यात गेली. गाडीचं भाडं तिनंच भरलं, आणि त्याची पावती तिनं वहीत जपून ठेवली आहे.